६ फूट ८ इंच, ताशी १०२ मैल आणि एंजल्सची घाई : चेस शोर्सचं पुढे काय?

बॅटनरूजकर

मंडळी, इथे बेसबॉलचा धागा काढला की पहिल्या पाच प्रतिसादांत कोणीतरी "क्रिकेट सोडून हे काय खूळ" म्हणणार. ते गृहीत धरूनच ही जिलबी पाडतोय.

रविवारी, १३ जुलै २०२५ ला, अटलांटात मेजर लीगचा (अमेरिकी बेसबॉलची सर्वांत वरची लीग) ड्राफ्ट सुरू झाला, म्हणजे संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडायचे. दुसऱ्या फेरीत, एकूण ४७ व्या क्रमांकावर, अनाहाइमच्या एंजल्स संघानं आमच्या एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठ, बॅटन रूज) चेस शोर्सला, म्हणजे एका पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला), उचललं. पोरगा टेक्सासमधल्या मिडलंडचा. उंची ६ फूट ८ इंच. चेंडू १०२ मैलांपर्यंत जातो, म्हणजे ताशी १६४ किलोमीटर. २०२३ साली कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ चा अख्खा मोसम घरी बसण्यात गेला. यंदा परतला तो रविवारच्या सामन्याचा स्टार्टर म्हणून, म्हणजे सामना सुरू करून पाच-सहा इनिंग टाकणारा. ते काही जमेना. मोसमभराचा ईआरए पाचच्या आसपास राहिला. (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर किती धावा लागतात, त्याची ही सरासरी. पाच म्हणजे नापास नाही, पण काठावर.) मग आमच्या जे जॉन्सन कोचनी त्याला बुलपेनमध्ये हलवलं, म्हणजे नंतर येऊन थोडंच टाकणाऱ्या रिलीव्हरांत, आणि बघता बघता माणूस बदलला. २२ जूनला ओमाहात कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये कोस्टल कॅरोलायनाविरुद्ध आम्ही ५-३ ने जिंकून आठवं विजेतेपद घेतलं, तेव्हा स्टार्टर अँथनी आयनसननंतर सातव्या इनिंगला चेंडू शोर्सच्या हातात गेला तो शेवटचा गडी बाद होईपर्यंत त्याच्याकडेच राहिला.

मी दहा वर्षं या गावात आहे. ॲलेक्स बॉक्स स्टेडियममध्ये त्याला दोन्ही अवतारांत पाहिलंय. स्टार्टर शोर्स सावध असायचा. पाच-सहा इनिंग पुरवायच्या म्हणून ताकद राखून टाकायचा, मग एखादा वॉक जायचा (चार चेंडू बाहेर पडले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर), मग दुसरा, आणि आमच्या शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचे. बुलपेनमधून आला की तोच मुलगा पहिल्या चेंडूपासून घर पेटल्यासारखा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. याला रिलीव्हरच ठेवावा, पण वर आणायची घाई करू नये. एंजल्स नेमकं उलटं करतील अशी भीती वाटते. आधी स्टार्टर करायचा प्रयोग करतील, किंवा पुढच्या एप्रिलमध्येच अनाहाइमला आणून उभा करतील. तुम्हाला काय वाटतं?

लेगब्रेक

क्रिकेट सोडून हे काय खूळ? (गृहीत धरलं होतंत ना, निराश कसं करणार!)

आता खरा प्रश्न. एक इनिंग टाकायची, तीन गडी काढायचे आणि घरी जायचं. यासाठी कॉलेजातला पोरगा दुसऱ्या फेरीत घ्यायचा? आपल्याकडे शेवटची दोन षटकं टाकणारा लिलावात दहा कोटी घेतो हे मान्य, पण तो निदान चार षटकं टाकतो.

बॅटनरूजकर

@लेगब्रेक, आलात, बरं वाटलं :)

तुमची शंका इथल्या संघांनाही वर्षानुवर्षं होती. म्हणून कॉलेजचा निव्वळ रिलीव्हर पहिल्या फेरीत जाणं दुर्मीळच. मोठ्या संघातले बरेचसे रिलीव्हर मुळात स्टार्टर म्हणून घेतलेले असतात. तिसरा चेंडू जमला नाही, किंवा खांदा पुरला नाही, की मागे बुलपेनमध्ये सरकतात. मग मुळातच रिलीव्हर असलेल्यावर पैसे कशाला घालायचे, असा हिशेब. शोर्सवर पैसे घातले ते वेगापायी आणि उंचीपायी.

आकडेमोड्या

दोन्हीकडचा इतिहास मांडतो, मग ठरवा.

चांगली उदाहरणं. ग्रेग ओल्सन, ऑबर्न, १९८८ ला बाल्टिमोरनं चौथ्या क्रमांकावर घेतला आणि १९८९ ला तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. ह्यूस्टन स्ट्रीट, टेक्सास विद्यापीठ, २००४ ला ओकलंडनं ४० व्या क्रमांकावर घेतला. दुसऱ्याच वर्षी तोही सर्वोत्तम नवोदित, आणि कारकीर्दीत ३२४ सेव्ह (थोडक्या आघाडीचा सामना शेवटी येऊन राखला की एक सेव्ह). गंमत म्हणजे स्ट्रीटची शेवटची वर्षं एंजल्सकडेच गेली.

आता चटका लावणारी. चॅड कोर्डेरो, कॅल स्टेट फुलरटन. हे विद्यापीठ अनाहाइमच्या अगदी शेजारी. २००३ ला माँट्रियल एक्स्पोजनं २० वा घेतला, त्याच ऑगस्टमध्ये मोठ्या संघात. संघ वॉशिंग्टनला गेला आणि २००५ ला याचे ४७ सेव्ह. २००८ ला खांदा फाटला तेव्हा वय २६. त्यानंतर तो पूर्वीचा कोर्डेरो कधीच दिसला नाही.

आणि ड्रू स्टोरेन. स्टॅनफर्ड, २००९, वॉशिंग्टननंच दहावा घेतला. २०११ ला ४३ सेव्ह. २०१२ च्या प्लेऑफमध्ये सेंट लुईसविरुद्ध निर्णायक पाचवा सामना, नवव्या इनिंगला ७-५ अशी आघाडी, सामना संपायला फक्त एक स्ट्राइक हवी (फलंदाजाला न खेळता आलेला चेंडू; तीन झाल्या की तो बाद). दोन वेगवेगळ्या फलंदाजांसमोर हवी होती. नाही मिळाली. चार धावा गेल्या, ७-९ ने हरले. त्या मोसमात वॉशिंग्टननं ९८ सामने जिंकले होते आणि लोकांना आठवते ती एवढी एक इनिंग.

लेगब्रेक

दोनदा एका चेंडूवर? अरेरे. ही चेतन शर्मा केस झाली, शारजा १९८६. बिचाऱ्यानं पुढच्याच वर्षी विश्वचषकात हॅटट्रिक घेतली तरी लोक विचारतात तो शेवटचा फुलटॉसच.

बरं, आता थोडा रस वाटायला लागलाय. वाचतोय.

इर्व्हाइनचा_इरसाल

एंजल्सच्या पंथातला एक जखमी भाविक हजर आहे. अकरा वर्षं झाली, २०१४ नंतर प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नाही. माइक ट्राउटसारखा हिरा घरात होता, त्याच्या जोडीला ओहतानी होता, तरी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ओहतानी फ्रीवेनं तीस मैलांवर डॉजर्सकडे गेला आणि पहिल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकला. माझ्या मुलाच्या खोलीत अजून लाल जर्सीतल्या ओहतानीचं पोस्टर आहे. काढू देत नाही.

बॅटनरूजकरांची भीती अगदी रास्त. आमचा संघ म्हणजे मुलाला मांडीवरून उतरवलं की थेट दहावीच्या परीक्षेला बसवणारे पालक. चेस सिल्सेथ २०२१ ला अकराव्या फेरीत घेतला, मे २०२२ ला मोठ्या संघात, त्या ड्राफ्टमधला सर्वांत आधी पोचलेला खेळाडू. झॅक नेटो २०२२ च्या जुलैत घेतला, पुढच्या एप्रिलमध्ये वर. नोलन शॅन्युएल तर २०२३ ला सव्वा महिन्यात वर! जुलैत निवड, १८ ऑगस्टला पदार्पण. क्रिस्टियन मूर गेल्या वर्षीचा, या जूनमध्ये आला.

हे झाले बरे निघालेले. आता यंदाचा रायन जॉन्सन बघा. डॅलस बॅप्टिस्टचा पिचर, २०२४ ला ७४ व्या क्रमांकावर घेतला. मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या तयारीच्या लीगांत, एकही चेंडू न टाकता त्याला यंदाच्या पहिल्या सामन्यापासून बुलपेनमध्ये बसवलं. मार पडला. मग काही आठवड्यांनी उचलून थेट हाय-ए ला, म्हणजे तीन पायऱ्या खाली, आणि तिथे स्टार्टर म्हणून. आधी वर नेऊन मग जिना चढायला शिकवायचा. आता बोला.

हंट्सविलकर

तीन पायऱ्या म्हणजे काय ते बाकीच्यांसाठी : मेजरच्या खाली ट्रिपल-ए, त्याखाली डबल-ए, त्याखाली हाय-ए. आणि एंजल्सचा डबल-ए संघ आमच्या गावाला खेटून आहे! रॉकेट सिटी ट्रॅश पांडाज. ट्रॅश पांडा म्हणजे रॅकून, कचऱ्याच्या डब्यात तोंड घालणारा. रॉकेट सिटी नासामुळे. दोन्ही एकत्र करून बोधचिन्हात रॅकूनला कचऱ्याच्या डब्याच्या रॉकेटमध्ये बसवलंय. आमच्या मंडळाच्या गणपतीत निम्मी पोरं तीच टोपी घालून आरतीला उभी असतात.

मुद्दा असा की २०२२ ला बेन जॉयसला मी इथेच पाहिलंय. टेनेसी विद्यापीठाचा, त्या वर्षी कॉलेजच्या सामन्यात १०५.५ मैल टाकलेला. एंजल्सनी तिसऱ्या फेरीत घेतला आणि थेट डबल-ए ला पाठवला. मैदान लहान आहे, पडद्यामागच्या चौथ्या रांगेत होतो. खरं सांगतो, चेंडू दिसत नाही. झेलणाऱ्याच्या हातमोज्यातला आवाज आधी येतो आणि मग आपण ठरवतो की आत्ता काहीतरी गेलं.

शोर्सही इथूनच जाईल असा माझा अंदाज. जॉयसचाच साचा आहे.

आकडेमोड्या

जॉयसचं पुढचंही सांगायला हवं. मे २०२३ ला पदार्पण. ३ सप्टेंबर २०२४ ला डॉजर्सच्या टॉमी एडमनला १०५.५ मैलांच्या चेंडूवर स्ट्राइकआउट केला. मोजमाप सुरू झाल्यापासून त्याहून वेगवान चेंडू फक्त अरोल्डिस चॅपमनचे. आणि या मे महिन्यात खांद्याची शस्त्रक्रिया, मोसम संपला. कॉलेजात असताना कोपराची झालेली होतीच.

सॅम बाखमन दुसरा. २०२१ ला एंजल्सनी नवव्या क्रमांकावर घेतला, जड सिंकर (खाली बुडणारा वेगवान चेंडू) आणि स्लायडर (आडवा वळणारा), म्हणजे शोर्सच्या अगदी जवळचा नमुना. २०२३ ला रिलीव्हर म्हणून वर आला, त्याच वर्षी खांद्याच्या दुखण्यानं बाहेर. (त्या २०२१ च्या ड्राफ्टमध्ये एंजल्सनी वीसच्या वीस फेऱ्यांत पिचरच घेतले होते. थट्टा नाही, खरंच.)

हाडवैद्य_नाशिक

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण कोपर-खांदा हे माझं रोजचं दुकान आहे, म्हणून घुसतो.

टॉमी जॉन हे पिचरचं नाव. १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्यावर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. कोपराच्या आतल्या बाजूला एक लहानसा अस्थिबंध असतो. चेंडू फेकताना हात मागे जाऊन पुढे झटका बसतो त्या क्षणी सगळा ताण त्यावर. तो तुटला की शिवून भागत नाही, तिथे दुसरीकडचा स्नायूबंध काढून हाडात भोकं पाडून ओवतात. बहुतेक वेळा मनगटातला पामारिस लाँगस काढतात, कारण त्याच्यावाचून काही अडत नाही. गंमत म्हणजे तो सगळ्यांना असतोच असं नाही. अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट किंचित आत वाकवा. मधोमध दोरीसारखी शीर उभी राहिली तर आहे.

क्रिकेटमध्ये हे दुखणं कमी, कारण गोलंदाजाचा हात सरळ ठेवावा लागतो, फेकायची परवानगीच नाही. तो ताण मग पाठीवर आणि टाचेवर निघतो. बुमराची २०२३ ची शस्त्रक्रिया पाठीची होती ती यामुळेच.

बरं होऊन पुन्हा सामन्यात यायला वर्ष ते दीड वर्ष. एकदा झालेल्याला चांगले दिवस येतात, बहुतेक परततात. दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर आकडे तितके चांगले नाहीत.

लेगब्रेक

उजव्या हातात आहे, डाव्या हातात नाही. मी अर्धाच पिचर होऊ शकतो.

कोथरूडची_काकू

माझ्या दोन्ही हातांत नाही. आमच्या ह्यांच्या दोन्ही हातांत आहे, आणि ते आता सकाळपासून मनगट वाकवून सगळ्या सोसायटीला दाखवतायत. हाडवैद्य, तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही.

हंट्सविलकर

दोन्हीत आहे. बायकोला नाही. ती म्हणते "बरंच आहे, तुझा काढून मला लावता येईल."

खान्देशी_शॉर्टस्टॉप

मनगटं वाकवून झाली असतील तर मुद्द्यावर या भाऊ.

मी जळगावचा. आमच्याकडे शाळेत पोरं सॉफ्टबॉल खेळत मोठी होतात, क्रिकेटपेक्षा कांकणभर जास्तच. मी शॉर्टस्टॉपला होतो (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली क्षेत्ररक्षणाची जागा), कॉलेजला गेल्यावर काही दिवस बेसबॉलही खेळलो. त्यामुळे एक सांगतो, जे आकड्यांत दिसत नाही. वेगवान पिचर खेळायला आम्हाला भीती वाटायची नाही. पहिल्या दोन चेंडूंना हात सुन्न होतात, तिसऱ्याला अंदाज येतो. भीती वाटायची ती ज्याचा चेंडू कुठे येणार हे त्यालाच माहीत नसायचं त्याची, आणि तो आपोआप वॉक द्यायचा. म्हणजे घाबरूनही आम्ही पहिल्या बेसवर!

शोर्सची पोटापाण्याची गोष्ट तिथेच आहे. १०२ मैल आहे, मान्य. दुसरा चेंडू काय आहे? आणि तो पाहिजे तिथे पडतो का?

बॅटनरूजकर

@खान्देशी_शॉर्टस्टॉप, हा प्रतिसाद फ्रेम करून लावायला हवा.

मुख्य चेंडू सिंकर. म्हणजे सरळ वेगवान न जाता उजव्या हाताच्या फलंदाजाच्या अंगात शिरत खाली बुडतो. हात फार वरून येत नाही, त्यामुळे एवढ्या उंच माणसाकडून चेंडू बाजूनं आल्यासारखा वाटतो. उंचीमुळे पाय लांब पडतो, चेंडू फलंदाजाच्या आणखी जवळून सुटतो. जोएल गार्नरही ६ फूट ८ इंचच होता, पण तो वरून खाली गाडायचा. हा त्याच्या उलट.

दुसरा स्लायडर, तिसरा चेंजअप, म्हणजे वेगवान वाटणारा पण हळू येणारा. स्लायडर चांगल्या दिवशी खरंच चांगला. चेंजअप मला दिसला तो डावऱ्या फलंदाजांना, अधूनमधून.

आता माझं मत का, ते. सिंकरवाल्या पिचरला स्ट्राइकआउट कमी मिळतात, जमिनीवरचे फटके जास्त. क्षेत्ररक्षण धड असेल तर ते चालतं. पण आठव्या-नवव्या इनिंगला धावपटू तिसऱ्या बेसवर उभा असताना बॅटला चेंडू लागूच नये असं वाटत असेल, तर स्लायडर हवाच. तो रोज यायला हवा. आणि हे अनाहाइमच्या माउंडवर चाळीस हजार लोकांसमोर शिकायचं नसतं. ते हंट्सविलला, रॅकूनच्या टोप्यांसमोर शिकायचं असतं.

आकडेमोड्या

मी थोडा विरोधात. त्याला स्टार्टर करून बघायला काय हरकत आहे?

गॅरेट क्रोशे बघा. टेनेसीचा डावरा, २०२० ला शिकागो व्हाइट सॉक्सनी अकराव्या क्रमांकावर घेतला. मायनरमध्ये एकही सामना नाही, त्याच सप्टेंबरला थेट बुलपेनमध्ये, शंभराच्या वर टाकत. एप्रिल २०२२ ला टॉमी जॉन. सगळे म्हणाले, घाईनं घात केला. २०२४ ला त्यालाच पहिल्या दिवसाचा स्टार्टर केलं, १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट. आता बॉस्टनमध्ये, सहा वर्षांचे १७ कोटी डॉलर. रिलीव्हर म्हणून तो कितीही भारी झाला असता तरी एवढे मिळाले नसते. शोर्स उद्या स्टार्टर म्हणून अर्धा जरी जमला, तरी संघाचे आणि त्याचे दोघांचेही भले.

बॅटनरूजकर

क्रोशेचं उदाहरण प्रत्येक वेळी येतं, कारण ते एकच आहे :)

मी टायलर जे याचं उदाहरण देतो. इलिनॉय विद्यापीठाचा डावरा रिलीव्हर, कॉलेजमध्ये कोणाला हात लावू देत नव्हता. २०१५ ला मिनेसोटानं सहाव्या क्रमांकावर घेतला, सातव्यावर बॉस्टनला अँड्र्यू बेनिनटेंडी मिळाला. मिनेसोटा म्हणालं, एवढा वरचा क्रमांक खर्चलाय तर स्टार्टर करू. मग खांदा, मग छातीच्या वरच्या भागात शीर दबण्याचं दुखणं, मग परत बुलपेन, मग सुट्टी, मग मेजरच्या कुठल्याच संघाशी जोडलेल्या नसलेल्या स्वतंत्र लीगमध्ये. मेजरमध्ये पहिला चेंडू पडला एप्रिल २०२४ ला, मेट्सच्या जर्सीत. वय २९, निवडीला नऊ वर्षं होत आलेली. त्याचं कौतुक आहेच. पण नऊ वर्षं!

आणि ब्रँडन फिनेगन. २०१४ जूनला टेक्सास ख्रिश्चनकडून ओमाहात कॉलेज वर्ल्ड सिरीज, ऑक्टोबरला कॅन्सस सिटीकडून खरी वर्ल्ड सिरीज. एकाच वर्षात दोन्हीकडे टाकणारा पहिला माणूस. नंतर सिनसिनाटीनं स्टार्टर केला, एक मोसम बरा गेला, मग खांदा. २०१८ नंतर मेजरमध्ये दिसलेला नाही.

स्टार्टर केल्यानंच सगळं बिघडतं असं म्हणत नाही. पण ज्याचं कोपर एकदा ओवून झालंय, ज्याला स्टार्टर म्हणून आम्ही याच वर्षी अडखळताना पाहिलंय, आणि मागे सरकल्यावर ज्याचं सगळं जुळून आलं, त्याला पुन्हा त्याच वर्गात बसवायचं? तीन महिन्यांपूर्वी निकाल लागलाय ना.

इर्व्हाइनचा_इरसाल

यंदा आमच्याकडे रीड डेटमर्सचं उलट झालंय. २०२० च्या ड्राफ्टचा दहावा, २०२२ ला नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकलेला स्टार्टर. या मोसमात बुलपेनमध्ये आणला आणि पोरगा खुललाय. त्यामुळे निदान आमच्या कोचेसना "सरकवलं की जमतं" हे ताजं ताजं पटलं असेल, अशी आशा. वर केनली जॅन्सन २०२५ च्या मोसमात क्लोजर (सामना संपवणारा रिलीव्हर), तो ३७ चा. त्याच्यानंतर जॉयस असं सगळ्यांनी धरलं होतं. जॉयसचा खांदा गेला. म्हणजे जागा मोकळी आहे, आणि आमच्या मालकांना मोकळी जागा दिसली की धीर निघत नाही. व्यवस्थापक रॉन वॉशिंग्टन तब्येतीमुळे जून २०२५ मध्ये रजेवर गेले. त्यांच्या जागी रे माँटगोमेरी तात्पुरते. तात्पुरत्या माणसाला उद्याचा सामना जिंकायचा असतो, २०२७ चा नाही.

कोथरूडची_काकू

एक प्रश्न, हसू नका. या मुलाला पैसे किती मिळतात हो? म्हणजे घाई त्याला स्वतःलाही असेल ना?

आकडेमोड्या

काकू, हसण्यासारखं काही नाही, खरा प्रश्न तोच आहे.

४७ व्या क्रमांकाला लीगनं ठरवून दिलेली रक्कम वीस लाख डॉलरच्या आसपास. प्रत्यक्ष करार थोडा वरखाली होऊ शकतो, जुलैअखेर सह्या व्हायला हव्यात. तो बोनस एकरकमी. त्यानंतर मायनरचा पगार अगदी किरकोळ, डबल-ए ला वर्षाला तीस हजार डॉलरच्या जरा वर. आणि हे २०२३ च्या करारानंतरचं, आधी तर पोरं चौघं-पाच जण एका खोलीत राहायची. मेजरमध्ये २०२५ चा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर. तोही दिवसांवर मोजतात. म्हणजे एक जिना चढलं की पंचवीसपट. घाई कोणाला नसेल?

पहिल्या फेरीतला बोनस घेतलेला माणूस थांबू शकतो. अकराव्या फेरीतल्याला थांबणं परवडत नाही. शोर्स मधोमध आहे.

खान्देशी_शॉर्टस्टॉप

आणखी एक. २०२० पासून नियम आहे की रिलीव्हर आला की निदान तीन फलंदाज खेळवायचे, किंवा इनिंग संपवायची. पूर्वी एका डावऱ्यापुरता आणून परत नेता यायचा. आता नाही. म्हणजे वॉक दिला तरी पळून जायची सोय नाही, तिथेच उभं राहून निस्तरायचं. चेंजअप हवा तो यासाठी. तीनपैकी एक तरी डावरा असणारच.

लेगब्रेक

हे पटलं. म्हणजे एकच षटक, पण वाइड गेला तरी कर्णधार बदलू शकत नाही. मी माझे सुरुवातीचे शब्द मागे घेतो. "खूळ" तेवढं ठेवतो.

हाडवैद्य_नाशिक

माझ्याकडून शेवटचं. तो दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेला आहे आणि यंदा फेब्रुवारी ते जून पूर्ण मोसम टाकलाय. आता करार झाल्यावर लगेच कुठल्याही संघात घालून आणखी टाकायला लावू नये. पाच-सहा आठवडे हाताला विश्रांती, मग हळूहळू. इतर काही कळलं नाही तरी हे मी कोणत्याही कोचला सांगेन, त्यानं ऐकलं नाही तर पुन्हा माझ्यासारख्याकडेच यावं लागतं.

बॅटनरूजकर

सहमत. उरलेल्या मोसमात तो मैदानावर दिसला नाही तरी नाराज होऊ नका, मी तर आनंदी होईन.

पैज लावायची तर : २०२६ ची सुरुवात डबल-ए ला रिलीव्हर म्हणून, ऑगस्टच्या सुमारास अनाहाइम. हे मला हवं असलेलं. प्रत्यक्षात एंजल्स मे महिन्यात आणतील. आणि स्टार्टरचा प्रयोग केलाच, तर माझ्या खात्यावर इथल्या सगळ्यांना एक एक मिसळ. बॅटन रूजमध्ये तर्री मिळत नाही, क्रॉफिशवर भागवावं लागेल.

आकडेमोड्या

मी स्टार्टरवर लावतो. क्रॉफिश तिखट सांगा.

हंट्सविलकर

डबल-ए ला आला की फोटो टाकीन. टोपीसकट.

कोथरूडची_काकू

वर गेला की सांगा. एंजल्सचे सामने आपल्याकडे किती वाजता असतात?

इर्व्हाइनचा_इरसाल

घरचे असले की संध्याकाळी ६:३८. उन्हाळ्यात तुमच्याकडे सकाळचे सात वाजून आठ मिनिटं. पण काकू, हा रिलीव्हर आहे, त्याची पाळी यायला नऊ वाजतील.

कोथरूडची_काकू

मग छान. तोवर डबे होतात.